अकरा रुपयांची पैज आणि दहा वर्षं

१९८६ च्या होळीनंतरचा पहिला रविवार, सकाळची वेळ. पैज अकरा रुपयांची. हजर तिघे: मी, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून असलेला माझा शेजारी आणि त्याचा शाळासोबती, कोर्टातला वकील. जागा शेजाऱ्याचा ओटा.

विषय अमली पदार्थांच्या नव्या कायद्याचा. अफूसाठी कमीत कमी दहा वर्षं कैद, वर लाखाचा दंड. न्यायाधीशालाही त्याखाली उतरता येत नाही. शेजारी खूष होता.

"पहिले पैसेवाला मोठा वकील लावून सहा महिन्यांत घरी यायचा. आता भाव एकच. घासाघीस बंद!"

मलाही पटलं. ठरलेला आकडा असला की मला बरं वाटतं.

वकील म्हणाला, "पोतं विकणारा अन् मुगाएवढी खाणारा, दोघांले एकाच काट्यावर काहून तोलतो गा? खाणाऱ्यासाठी वेगळं कलम आहे."

"नाही आहे. अफू म्हणजे दहा. लाव अकरा रुपये!" शेजारी म्हणाला.

"लावले."

एवढ्यात शेजाऱ्याचे वडील दार धरत बाहेर आले. हातमागावर लुगडी विणता विणता त्यांचे गुडघे गेले होते. हातात तपकिरीची डबी.

"पोरा, हे अफू आहे. गुडघ्यासाठी घेतो मी. पहिले परवान्यावर भेटे. आता मी शहात्तरचा. दहा वर्षांनी सुटीन तर शहाऐंशीचा. अन् लाख रुपये तू भरशीन का?"

शेजाऱ्याचा चेहरा उतरला. त्याने वकिलाचा हात धरला. "ते वेगळं कलम खरंच आहे ना गा?"

"तू तर नाही म्हणून राहिला होता."

"हरलो मी बाप्पा! हरलो म्हण ना!"

"असा कसा हरशीन? पुस्तक पाहू."

वकील सायकलवर पुस्तक आणायला गेला. तो परत येईपर्यंत शेजारी गल्लीच्या तोंडाकडे बघत उभा. वकील आधी येतो की पोलीस, अशा नजरेने. वडील मात्र आरामात चहा पीत होते.

पुस्तकात कलम निघालं. थोडीशी अफू, तीही स्वतःपुरती, तर जास्तीत जास्त सहा महिने किंवा दंड, किंवा दोन्ही. मात्र स्वतःपुरती असल्याचं आरोपीनेच सिद्ध करायचं.

"गुडघे दाखवीन कोर्टाले," वडील म्हणाले.

"पण सहा महिने तरी काहून?" शेजारी कळवळला.

"आता घासाघीस कोण करून राहिलं?" वकिलाने विचारलं, आणि सर्वांत आधी वडीलच हसले.

डबी त्यांनी स्वतःच मोरीत रिकामी केली. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने रजा टाकून त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं, डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं.

पैज मात्र त्याच सकाळी मिटली. शेजाऱ्याने अकरा रुपये वकिलाच्या हातावर ठेवले. हरल्यावर इतक्या आनंदाने पैसे देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वकिलाने त्यातले आठ तर्रीपोहेवाल्याला दिले, चार प्लेटींचे. उरलेले तीन वडिलांना, गुडघ्याच्या तेलासाठी.