काकूंची उघडी स्कूटर

आमच्या काकूंच्या स्कूटरला कधी काही होत नसे, आणि तरी दर रविवारी सकाळी ती अंगणात उघडी पडलेली असे. समोरचं पॅनल भिंतीला टेकवलेलं, बाजूची दोन्ही पॅनलं उन्हात, सीट काढून ओट्यावर. मधोमध गाडीचा नुसता सांगाडा आणि त्याच्यापुढे पाटावर काकू, साडीवर नवऱ्याचा कारखान्यातला जुना खाकी शर्ट चढवून, हातात पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घेऊन बसलेल्या. आमच्या इंद्रपुरी कॉलनीत नव्याने राहायला आलेला माणूस फाटकापाशी थांबून हमखास विचारी, "क्या बिगड़ गया?" काकू मान वर न करता सांगत, "अभी तक तो कुछ नहीं."

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. शाळेत शिकवायची नोकरी, झोपायला मिळणारा एकच वार, आणि त्या वारी खाली सकाळपासून ठोकाठोक. एका रविवारी मी भांडायच्या तयारीने जिना उतरले, तर खाली आधीच भांडण चाललेलं. काका ओट्यावरच्या खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला, डावा हवेत फिरत होता. "उ... उलटं फिरवते आहेस."

"मग सांगा ना नीट, कोणीकडे फिरवू?"

"डा... डावीकडे."

काकूंनी पेचकस उजवीकडे फिरवला. काकांचा चेहरा लाल झाला. "डावीकडे म्हटलं ना मी." एवढं वाक्य त्यांच्या तोंडून सलग बाहेर पडलं आणि काकूंनी माझ्याकडे बघून डोळा मारला. मी भांडायचं विसरून गेले.

हळूहळू मला सगळं कळलं. काका जवळच्या मोठ्या कारखान्यात इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय काठीच्या आधाराने चालायला लागला, वाचा मात्र अडली. त्यांना समजत सगळं असे, पण शब्द ओठांशी येऊन थांबे. बोलायला शिकवणाऱ्या एक बाई घरी येत. त्या चित्रांची कार्डं दाखवत. छत्री, कप, कुत्रा. काका ती कार्डं उपडी घालून भिंतीकडे तोंड करून बसत. "इतकी वर्षं मोठमोठी यंत्रं चालवलेला माणूस," काकू म्हणायच्या, "त्याला कुत्रा दाखवून विचारतात, हे काय आहे? मला कोणी विचारलं असतं तर मी पण नसतं सांगितलं, बाप्पा."

मग एक दिवस स्कूटरचा इंडिकेटर बंद पडला. काकांनी त्या गाडीला तोवर कोणाला हात लावू दिला नव्हता, मेकॅनिकलासुद्धा नाही. काकूंनी भाजीची सुरी घेतली आणि समोरचं पॅनल उचकटायला लागल्या. प्लास्टिक करकरलं तसा खुर्चीतून आवाज आला, "सुरी नको." झटक्यानंतर स्पष्ट निघालेले ते पहिले शब्द. काकू सांगत होत्या, "मला वाटलं गेटावर कोणी आलं. मग बघते तर हेच. मी सुरी खाली ठेवलीच नाही. म्हटलं, अजून काय बोलतात ते बघू."

त्या दिवसापासून गाडी उघडण्याचं व्रतच सुरू झालं म्हणा ना. बिघाड नव्हता, तर काकू सुधारणा शोधून काढायच्या. मोबाइल चार्ज करायची सोय, पांढरा लखलखीत दिवा, काकांना धरायला मागे दांडी. कोणती सुधारणा घ्यायची हे गाडीच्या गरजेवर ठरत नसे. समोरचं पॅनल काढण्यात काकांचे जेमतेम चार शब्द खर्च व्हायचे. सीटखालची सामान ठेवायची बादली काढायची म्हटली की वाक्यं लागायची. पाय ठेवायची फळी उघडणं म्हणजे तर भाषणच, कारण तिच्या कडेचे खटके कोणत्या क्रमाने सोडवायचे हे काकांशिवाय कोणाला सांगता येत नसे. काकू बाजारात जाऊन दुकानदाराला विचारत, "असं काही दाखवा, ज्याला फळी काढावी लागेल." दुकानदार म्हणे, "माताजी, फळी काढावी लागणार नाही असंच सगळे मागतात."

स्क्रू हरवू नयेत म्हणून त्यांची स्वतःची रीत होती. अंगणात आधी रांगोळीने त्या पॅनलचा आकार काढायचा, आणि जिथला स्क्रू असेल तो रांगोळीत बरोबर त्या जागी ठेवायचा. रेषा काकूंच्या, हुकूम काकांचा. "लांब. वर. हा आखूड... खाली." लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर आतली वायर फाटते, त्यामुळे चूक करायची सोय नव्हती, आणि काकू नेमकी तिथेच चूक करायला जायच्या. थंडीत प्लास्टिक कडक होतं म्हणून पॅनलं आधी उन्हात ठेवायची हेही मी त्यांच्याकडूनच शिकले. शेजारच्या शर्मा भाभी एकदा रांगोळीपाशी थांबल्या. मधोमध स्क्रू, कडेने नट, हे बघून त्यांनी हात जोडले आणि विचारलं, "दीदी, ये कौन-से त्योहार की है?" काकू गंभीरपणे म्हणाल्या, "स्कूटर अष्टमी." काका एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

खरी चूक काकूंकडून एकदाच झाली. नवा हॉर्न बसवताना त्यांनी वायर ब्रेकच्या दिव्याला जोडली. पॅनल लावून झालं आणि त्या तशाच शहरातल्या कोटरा सुल्तानाबाद भागात बहिणीकडे निघाल्या. ब्रेक दाबला की हॉर्न. शहरात ब्रेक दाबल्याशिवाय कोण चालतं? वाटेत एका रिक्षावाल्याने त्यांना रस्ता करून दिला, एका पोलिसाने सलाम केल्याचं त्या सांगत, पण ते मी धरत नाही. संध्याकाळी कोपऱ्यावरूनच भोंगा ऐकू आला. काका ओट्यावर होते, मी पायरीवर. काका म्हणाले, "आली. सगळ्या... कॉलनीला सांगत आली." विनोद केला होता त्यांनी. झटक्यानंतरचा पहिला. काकूंनी गाडी उभी केली, हेल्मेट काढलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ही चूक मुद्दाम नव्हती केली हो."

माझ्यासमोर काका बोलू लागले, पण माझ्यावरच त्यांची गाडी अडली. फाटकाशी दुसरं कोणी आलं की ओठ मिटत. दूधवाला, जुने सहकारी, कोणीही असो, ते फक्त मान हलवत. आपलं तुटकं बोलणं कोणी ऐकावं हे त्यांना सोसत नसे. पुण्याहून मुलाचा फोन आला की ते फोन काकूंकडे सरकवत. एवढ्या हसऱ्या बाईच्या मनाला एकच गोष्ट खात होती. एकदा स्वयंपाकघरात कणीक मळता मळता त्या मला म्हणाल्या, "माझ्याशी तर भांडून बोलून राहिले. पण उद्या मी नसले तर? कोणाला पाणी मागतील ते? माझ्याशिवाय कोणाशी बोलले पाहिजेत गं, अनोळखी माणसाशी." मी पोळ्या लाटत राहिले.

मग मुलाने हट्टच धरला. पुण्याला या, इथे दोघंच किती दिवस राहणार. काकूंनाही गुडघे त्रास द्यायला लागले होते. मुलाचं घर पाचव्या मजल्यावर, स्कूटरला तिथे काम नव्हतं. घरातलं एकेक सामान बांधलं जाऊ लागलं आणि गाडी घ्यायला एक मुलगी यायची ठरली. नुकतीच बँकेत लागलेली, जबलपूरकडची, पहिलीच गाडी घेणारी.

ती आली तो रविवार होता. काका नेहमीच्या खुर्चीत होते. मुलीने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि काकूंना विचारलं, "आंटी, बैटरी कहाँ है? खुलता कैसे है ये सब?"

ज्या बाईने ती गाडी शेकडो वेळा उघडली आणि मिटली, ती बाई शांतपणे म्हणाली, "मुझे इसमें कुछ नहीं समझता, बेटा. अंकल से पूछो." आणि पेचकस काकांच्या पुढ्यात ठेवून त्या आत निघून गेल्या.

मी त्यांच्यामागे आत गेले. स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडते. आम्ही दोघी तिच्या बाजूला उभ्या राहिलो. मुलगी वाट बघत होती, काका फरशीकडे बघत होते. मला राहवेना, मी दाराकडे वळले तर काकूंनी माझं मनगट पकडलं.

"पहले," काका म्हणाले, "नीचे... नीचे का स्क्रू."

हिंदीत बोलत होते ते. आमच्याशी सगळं मराठीत चालायचं, आणि हिंदी आतून येईल की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण साऱ्या नोकरीभर कारखान्यात ते हिंदीच बोलले होते. ती तशीच आत बसलेली होती, कोणी हाक मारायची वाट बघत. मुलगी खाली बसली आणि पेचकस लावला. "ऐसे, अंकल?" "नहीं. उल्टा. हाँ. अब... खींचना नहीं. पहले दबाओ." मध्येच एक शब्द अडला. बॅटरीची कोणती वायर आधी सोडायची ते सांगताना ते थांबले, ओठ नुसतेच हलले. काकूंचेही ओठ खिडकीआड हलत होते, पण त्यांनी आवाज फुटू दिला नाही. काकांनी डावा हात उचलला, खाली ठेवला. मग म्हणाले, "काली वाली. पहले काली."

ते कितीतरी वेळ बोलत होते. पुढचं पॅनल, सीट, बादली, फळी. मुलगी नवी होती, ती खऱ्याच चुका करत होती, आणि काका न चिडता पुन्हा पुन्हा सांगत होते. ते न चिडता बोलत होते हे माझ्या उशिरा लक्षात आलं. काकूंच्या आधीच आलं असावं. त्या खाली फरशीवर बसल्या होत्या, गुडघ्यांची पर्वा न करता, आणि तोंडात पदर धरून रडत होत्या. मीही रडले. त्यात लाजायचं काय?

सगळं पुन्हा जागेवर बसवून मुलगी निघाली तेव्हा दुपार व्हायला आली होती. काकू तोंड धुऊन तिला फाटकापर्यंत पोचवायला गेल्या. मुलीने गाडी चालू केली, घड्याळ बघितलं आणि जरा वैतागून, जरा हसून म्हणाली, "आंटी, बुरा मत मानना, पर अंकल बोलते बहुत हैं."

काकूंनी फाटकाची कडी लावली.

"हाँ बेटा," त्या म्हणाल्या, "शुरू से ऐसे ही हैं."