उडवीच्या माथ्यावरची वाट

माघातल्या उन्हाने तापलेला कातळ आणि त्याच्या पायथ्याशी रचलेला भाताचा पेंढा यांचा मिळून एक वास येतो; उबदार, किंचित गोडसर. गागोद्याच्या बाजूला गेले की आधी तो वास मला भेटतो आणि मग कातळ दिसतो.

पेण-रोह्याच्या कातळांवरच्या चढाईचे पुस्तक करायला घेतले, तेव्हा मी एकच हट्ट धरला होता : जो वाट पहिल्यांदा चढला, त्यानेच ती लिहायची आणि तिच्याखाली त्याचेच नाव लागायचे. आपल्या अंगणाचे वर्णन पाहुण्याने का करावे? पण दोर लीलया हाताळणारी आमची मंडळी लिहायचे म्हटले की अंग चोरायची. गडबचा नीलेश तर कंपनीच्या शिफ्टचे निमित्त सांगून मला टाळतच राहिला. लिहून पाठवले ते गागोद्याच्याच रूपालीने. ‘आमच्या उडवीच्या माथ्यावरून सरळ वर, भेगेत हात घालून.’ पेंढ्याची ती उडवी तिच्या लेखी कातळाइतकीच अचल होती! वैशाखात मी वाट ताडून पाहायला गेले, तर उडवी केव्हाच गुरांच्या पोटात गेलेली. रिकाम्या शेतात मी हसत उभी राहिले.

वाट दाखवायला तिलाच बोलवावे लागणार होते. पण लग्न होऊन ती रोह्याला गेली, तेव्हापासून दोराला तिचा हात लागला नव्हता. “वाट छापा ताई, माझं नाव नको,” एवढेच ती म्हणे. सासरी चढाईचे कुणालाच ठाऊक नव्हते. बायकांच्या किती वाटा अशा बिननावाच्या बुजून जात असतील?

एके दिवशी माझा फोन नेमका तिच्या सासूबाईंनी उचलला. मी सगळे सांगून बसले, आणि रूपालीबरोबर त्याही कातळापाशी आल्या. रूपालीने भेगेत हात घातला. तो तिला लवकर काढवेना. सासूबाई मान वर करून कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

“हितं चढलीस तवा मायेरची व्हतीस ना गो? मंग नाव तेच राहू दे. नवी वाट काढशील, तिला आमचं लाव.”

रूपालीचे डोळे भरून आले, आणि खरे सांगायचे तर माझेही.

पुस्तकात उडवी मी तशीच ठेवली, फक्त ‘माघात आलात तर’ एवढी भर घातली. खाली रूपालीचे माहेरचे नाव आहे.

यंदा माघात पुन्हा गेले. आधी तोच उबदार वास आला. मग उडवीला टेकून, डोक्यावर पदर घेऊन वर पाहत बसलेल्या सासूबाई दिसल्या, आणि त्यांची नजर जिथे खिळली होती, तिथे दोर हलत होता.