सासूबाईंच्या घंगाळाचं म्युझियम

आम्ही यंदा मे महिन्यात चार दिवस कोकणात समुद्रकिनारी राहिलो आणि त्या चार दिवसांत पाच म्युझियमं पाहिली. समुद्र दोनदा दिसला, दोन्ही वेळा गाडीच्या काचेतून. याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

त्याचं असं झालं. सायखेड्याच्या माझ्या सासूबाईंनी आमच्या लग्नात लेकीला एक तांब्याचं घंगाळ दिलं होतं. आंघोळीचं पाणी काढायचं, दोन माणसांनी उचलायचं असलं दणकट भांडं. मूळ ते त्यांच्या स्वतःच्या लग्नातलं, काठावर त्यांचं नाव कोरलेलं. पुढे आम्ही अंबडजवळ फ्लॅट घेतला, तेव्हा गॅलरीत एक तर वॉशिंग मशीन मावत होतं, नाहीतर घंगाळ. मी घंगाळ मोडीत दिलं. (सुनंदा, म्हणजे माझी बायको, तेव्हाच म्हणाली होती, "आईला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.")

मी बघितलं. सासूबाईंना म्हणालो, "आई, घंगाळ म्युझियमला दिलं. लोक लांबून बघायला येतात."

"कुठल्या म्युझियमला?"

सासूबाई तोवर मनमाडच्या पलीकडे गेलेल्या नव्हत्या. मी म्हणालो, "कोकणात. समुद्राच्या काठी." मला तेवढं अंतर पुरेसं वाटलं.

ते बारा वर्षं पुरलंही. पण यंदा आमच्या मुक्ताची बारावीची परीक्षा संपली, तिने समुद्राचा हट्ट धरला आणि सुनंदाने ही बातमी आईला फोनवर सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पिशवी घेऊन दारात हजर.

"जावईबापू, समुद्राचं मला काय नाय. माझं घंगाळ तेवढं दाखवा. फोटो आणते म्हणून बायांना सांगून आले मी."

मी मुद्दाम एक लहानसं गाव निवडलं. तिथे म्युझियम नसणार, या भरवशावर गाडी काढली. पोचल्यावर मुक्ता मोबाईलमध्ये बघून म्हणाली, "पप्पा, इथे आसपास पाच म्युझियम आहेत." पोरीला मी स्वतःच नवा फोन घेऊन दिला होता.

पहिलं म्युझियम शंखशिंपल्यांचं निघालं. "आई, हे ते नव्हे," मी म्हणालो. दुसरं माशांचं. तिथे एका अवाढव्य माशाच्या सांगाड्यासमोर सासूबाई बराच वेळ उभ्या राहिल्या. "एवढं हाडूक ठेवायला जागा हाय. मंग घंगाळ मागं कुठं ठेवलं असंल," असं म्हणून त्या सांगाड्याच्या मागे जाऊन बघून आल्या. तिसऱ्यात नाणी आणि बंदुका होत्या, चौथ्यात फक्त दिवे. मुक्ताने पोहण्यासाठी घेतलेले नवे कपडे बॅगेतून बाहेर आले नव्हते. तिसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी फक्त सुनंदामार्फत बोलत होती.

पाचवं म्युझियम शेवटच्या दिवशी सकाळी गाठलं. एका साठीच्या गृहस्थांनी स्वतःच्या घराच्या दोन खोल्यांत जुनी भांडीकुंडी मांडून ठेवली होती. आणि कोपऱ्यात, काळंकुट्ट पडलेलं, एक घंगाळ होतं.

मी अंबडच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. माप घेतल्याशिवाय साधा बोल्टही मी पास करत नाही. त्या घंगाळाकडे मी दारातूनच पाहिलं आणि म्हणालो, "हेच ते."

सासूबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पदराने काठ पुसला. "नाव कुठं हाय?"

"काळं पडलंय ना, आई. आता नाही दिसणार."

हे वाक्य मी बोलायला नको होतं. सासूबाईंनी पिशवीतून एक डबा काढला. त्यात चिंच आणि मीठ होतं. बारा वर्षं परक्यांनी काय घासलं असेल, म्हणून त्या तयारीनिशी आल्या होत्या. मी अडवेपर्यंत त्यांनी बसकण मारून घासायला सुरुवात केली.

हळूहळू अक्षरं उमटू लागली. 'चि. सौ. कां.' मला जरा धीर आला. (एवढं तर सगळ्यांच्याच भांड्यांवर असतं.) सासूबाईंचं नाव पार्वता. पुढचं अक्षर आलं ते 'द्वा'.

'द्वारका' पूर्ण झालं, तेव्हा आवाज ऐकून ते गृहस्थ आत आले. सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

"आमच्या जावयानं विश्वासानं वस्तू दिली तुम्हाला. ती कुठं विकली? दुसऱ्याचं घंगाळ मांडून ठेवलं व्हय?"

"आजी, काहीतरी चुकतंय. द्वारका माझी आत्या. तिचंच आहे हे."

"जावई खोटं बोलतोय का मंग?"

दारात दोन पर्यटक थांबले होते. त्या गृहस्थांचा चेहरा लाल झाला. त्यांनी उभ्या गावातून एकेक भांडं मागून आणून हे उभं केलं होतं आणि आज त्यांच्याच घरात त्यांना कुणीतरी चोर म्हणत होतं. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षांपूर्वी पाहिलं होतं, तसंच.

"आई," मी म्हणालो, "यांचा काही दोष नाही. घंगाळ मी मोडीत दिलं होतं."

"मंग म्युझियम?"

"नव्हतंच."

सासूबाईंनी त्या गृहस्थांना हात जोडले, पुन्हा खाली बसल्या आणि उरलेलं घंगाळ घासू लागल्या. "कुणाच्या का आत्याचं असंना," त्या म्हणाल्या, "आर्धं घासलेलं बरं दिसत नाय." त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मला जास्त बरं वाटलं असतं. गृहस्थांनी स्वतः बादलीभर पाणी आणून दिलं. शेवटी घंगाळ असं लखलखलं की आत्याही ओळखणार नाही. मुक्ताने आजीचा त्याच्यासोबत फोटो काढला.

निघताना गृहस्थ खुशीत होते. "आजी, तुमच्याकडे आणखी काही जुनं असेल तर जरूर द्या. नाव लिहून ठेवीन."

"जुनं आता काय राहिलं नाय," सासूबाई म्हणाल्या. "हा एक जावई हाय. ठेवता का?"

गृहस्थांनी मला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. "आजी, आम्ही पूर्वी कधीतरी उपयोगात आलेल्याच वस्तू घेतो."

"मग हे त्यात नाही बसणार," सुनंदा म्हणाली.

नियम म्हटला की तो सगळ्यांना सारखाच. मी गाडी काढायला गेलो.