वाढत्या अंगाची पुस्तकं

माझा आणि माझ्या नणंदेचा उभा दावा आहे आणि तो पुस्तकांवरून आहे. साड्या-दागिन्यांवरून भांडणाऱ्या बायकांचा मला हेवा वाटतो. त्यांचं भांडण निदान कपाटात कोंडून वर कुलूप घालता येतं. आमचं भांडण दर दिवाळीला रामटेकच्या बसमधून उतरतं, हातात रिकामी कापडी पिशवी घेऊन, आणि भाऊबीज होईस्तोवर आमच्या दिवाणावर तंगड्या पसरून बसतं.

नणंदबाई रामटेकला मुख्याध्यापिका होत्या. शाळेनं त्यांना निवृत्त केलं, पण त्यांनी शाळेला केलं नाही. आल्या की त्या बर्डीच्या बाजारात जातात, घरातल्या प्रत्येक पोरासाठी पुस्तक घेतात, खाकी कव्हर घालतात, वर नाव लिहितात आणि धनत्रयोदशीला वाटतात. इथवर चालण्यासारखं आहे. पण भाऊबीजेला, ओवाळण्याच्या आधी, प्रत्येक पोरानं सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या पुस्तकातली गोष्ट सांगायची आणि शेवटी बोध सांगायचा. बोध सांगितल्याशिवाय पाटावर बसायचं नाही. आमच्याकडे लक्ष्मीपूजन एखाद्या वर्षी घाईत उरकेल, बोध उरकत नाही.

पुस्तक निवडायची त्यांची पद्धत म्हणजे आमच्याकडे शाळेचा गणवेश घ्यायची पद्धत. वाढत्या अंगाचं घ्यायचं. पोर आठ वर्षांचं असेल तर बारा वर्षांच्याचं पुस्तक. आज ढगळ होईल, पुढे बसेल. फ्रॉकला निदान आतून टीप मारता येते हो, तीनशे पानांना कुठून मारणार?

त्यांना एकट्यांना काय बोलू, तरुणपणची मी त्यांच्याही पुढची. बी.ए. झालेली, पाठीवर वेणी आणि डोक्यावर नणंद. सात वर्षांच्या माझ्या पोराला मी थोरांच्या चरित्रांचा एक ठोकळा आणून दिला होता. त्यानं त्याचा क्रिकेटमध्ये यष्टी म्हणून उत्तम उपयोग केला. भाऊबीजेला मी पडद्याआड उभी राहून त्याला कुजबुजत बोध पुरवायची, आणि मला बोध एकच येत असे, खरं बोलावं. एका वर्षी गोष्ट होती गाळात रुतलेल्या हत्तीची. पोरगं ताठ उभं राहून म्हणालं, "बोध, खरं बोलावं." नणंदबाईंनी विचारलं, "हत्ती खोटं कधी बोलला?" तर ही पडद्याआडची विदुषी आतून म्हणते, "गाळात जायच्या आधी बोलला असेल!" ती बाई आज माझ्या दारात आली तर मी तिला पाणीसुद्धा विचारणार नाही. तो मुलगा आता बँकेत साहेब आहे आणि सुखानं विजेच्या बिलाखेरीज काही वाचत नाही.

तर यंदाची गोष्ट. घरात आता तीन नातवंडं. मुलाची दोन, थोरली तेरा वर्षांची आणि तिचा भाऊ नऊचा. शिवाय दिवाळीला आलेली मुलीची चार वर्षांची चिमुरडी. नऊवाला काहीही वाचतो, हिंगाच्या डबीवरचंसुद्धा. थोरली हळू वाचते. एकेका ओळीवर बोट ठेवून, आणि जाड पुस्तक पाहिलं की तिचं तोंड उतरतं. गेल्या भाऊबीजेला ती सगळ्यांसमोर उभी राहिली आणि तिला काही आठवेना. तेव्हा या भावानं तिच्या पुस्तकातली गोष्ट बोधासकट धडाधड म्हणून दाखवली. नणंदबाईंनी त्याला शाबासकी दिली. पोरगी न्हाणीघरात जाऊन बसली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

यंदा फराळाची तयारी सुरू झाली तेव्हाच तिनं मला सांगून टाकलं.

"आजी, मी भाऊबीजेले घरी राहतच नाही. मैत्रिणीकडे चालली."

"काहून वं? भावाले कोण ओवाळणार?"

"आत्याआजी ओवाळतीन. त्याले पाठ आहे ना सगळं."

बहीण-भावात एकदा अशी अढी बसली की पुढे ती लग्नाच्या पत्रिकेपर्यंत जाते, मी पाहिलेलं आहे. मी म्हटलं, यंदा पुस्तकं मी निवडणार.

बर्डीवर ती गर्दी. आकाशकंदिलांच्या माळा चुकवत आम्ही दुकानात शिरलो आणि नणंदबाईंनी चष्मा वर केला. चार वर्षांच्या चिमुरडीसाठी त्यांनी उचलल्या संस्कारकथा, बारीक टायपात, चित्र एक नाही.

"तिले वाचता कुठं येते, ताई?"

"येईल की पुढे."

"मग पुढेच द्या ना."

"वहिनी, आपल्या वयाला शोभेल असं बोला."

"माझ्या वयाचं पुस्तक कुठं ठेवलं इथं? तेही पाहून घेऊ."

मी जाड पुठ्ठ्याचं, प्राण्यांच्या चित्रांचं पुस्तक पिशवीत टाकलं. चावलं तरी टिकणारं. त्यांनी ते बाहेर काढलं, मी परत टाकलं. माणसं पाहू लागली तेव्हा त्यांनी मान वळवली. नऊवाल्याचं पुस्तक मी त्यांच्यावर सोडलं, त्याला काहीही चालतं. थोरलीच्या पुस्तकाला मात्र आम्ही दोघी एकदम भिडलो. त्यांच्या हातात यशस्वी जीवनाच्या पायऱ्या दाखवणारं एक लठ्ठ पुस्तक होतं, कॉलेजच्या पोरांना घाबरवायला पुरेल असं.

"तिले हे जाणार नाही," मी म्हटलं.

"जाणार नाही म्हणूनच मागे पडते ती. तुम्ही लाड करा."

"मागं कोणाच्या? कुठं शर्यत लागून राहिली?"

"असंच तुम्ही मुलाचं केलंत."

हे ऐकलं आणि मी गप्प झाले. मी गप्प झाले की आमच्या घरात सगळे सावध होतात, पण नणंदबाई घरच्या असून त्यांना हे कधी कळलं नाही. त्या विजयी मुद्रेनं काउंटरकडे गेल्या. मी मागच्या मागे एक भुतांच्या गोष्टींचं पुस्तक घेतलं. तेही लठ्ठच, जाडीला जाडी बरोबर जुळवून, पण आत प्रत्येक गोष्ट दीड पानाची. तेरा वर्षांच्या पोरीच्या हातात पातळ पुस्तक दिलं तर धाकट्यानं खिदळायला नको, आणि वाचताना तिला दमही लागायला नको.

घरी आल्यावर म्हटलं, कव्हरं मी घालते, तुम्ही पडा जरा. त्या घोरायला लागल्यावर मी जीवनाच्या पायऱ्या तांदळाच्या कोठीत उतरवल्या आणि भुतांना खाकी कव्हर चढवलं. नाव घालायचं तेवढं ठेवलं, ते त्यांनी उठून मोठ्या प्रेमानं घातलं.

धनत्रयोदशीला पोरीनं ते पुस्तक घेतलं, वाकून नमस्कार केला आणि न उघडता फ्रिजवर फेकलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ शंकरपाळे कापत बसली होती. मी म्हटलं, माझे हात पिठाचे आहेत, एक गोष्ट वाच तर. कुरकुरत वाचू लागली. अडखळली, थांबली, पुढे गेली. दीड पान संपलं तेव्हा माझ्याकडे पाहून म्हणाली,

"हे आत्याआजीनं देल्लं?"

"हो त."

"खोटं नको बोलू, आजी."

तिनं कव्हराची कड उचलून आत पाहिलं, परत दाबून बसवली आणि शंकरपाळे माझ्यावर टाकून निघून गेली. पण राहणार की जाणार, ते तिनं सांगितलं नाही.

भाऊबीजेच्या सकाळी ती खांद्याला पर्स अडकवून बाहेर आली तेव्हा मी मनातल्या मनात नणंदेला शिव्या घातल्या. पोरगी दिवाणखान्यात आली, पर्स खुर्चीला टांगली आणि म्हणाली, "पहिला नंबर माझा."

गोष्ट होती चक्कीवरच्या भुताची. रोज दिवेलागणीला एक बाई दळणाचा डबा घेऊन येते. डब्यात काहीच नसतं. चक्कीवाला भीत भीत तो रिकामा डबा दळून देतो, आणि बाई झाकण उघडून म्हणते, जाड दळलं, परत दळ. पोरगी त्या बाईचा आवाज काढत होती, कमरेवर हात ठेवून दाखवत होती. चिमुरडी पुठ्ठ्याचं पुस्तक तोंडात धरून टक लावून बसली होती. धाकट्याचा चेहरा पाहण्यासारखा होता, ही गोष्ट त्याला पाठ नव्हती.

नणंदबाईंनी मात्र सवयीनं विचारलं, "आणि बोध?"

"बोध हा, आत्याआजी, का काही लोकायले काहीही दळून द्या, त्यायले जाडच वाटते."

आमच्या ह्यांना चिवड्याचा ठसका लागला. नणंदबाईंनी हात पुढे केला.

"आण ते पुस्तक इकडे."

"नाही देत. अर्धंच झालं माझं."

"वहिनी! हे तुमचं काम आहे."

"माझंच. आणखी कोणाचं?"

"भुतं? सणासुदीला? यापुढे मी या घरात एक पुस्तक आणणार नाही."

"देवानं ऐकलं म्हणायचं."

"मुलीच्या हातातून ते घ्या आधी."

मी पोरीकडे पाहिलं. तिनं पुस्तक काखेत गच्च दाबलं होतं. आजवर या घरात पोरांच्या हातात पुस्तकं कोंबावी लागली. हातातलं पुस्तक सोडत नाही म्हणून कोणी भांडताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि ते मिटवण्याची मला काडीची इच्छा नव्हती.

"तुम्ही मास्तरीण. तुम्हीच घ्या," मी म्हटलं.

त्या उठल्या नाहीत. धाकटा पाटावर येऊन बसला. पोरीनं पुस्तक काखेतून न काढता एका हातानं तबक उचललं. निरांजन कलंडलं, तेल सांडलं, कुंकू त्याच्या कपाळाऐवजी नाकावर लागलं.

"ताई, नीट कर ना!" तो ओरडला.

"चूप बस बे. मग तुले पुढची सांगते."

नणंदबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी त्यांना फराळाची बशी दिली, त्यांनी ती सरकवली. मी ती उचलून माझ्या मांडीवर घेतली आणि स्वतःच खायला बसले.