ताकातला हिंग

माझं पोट हा आमच्या घरात चारचौघांत चर्चा करण्याचा विषय होता. जेवलं की ते ढोलासारखं फुगायचं, सकाळ धावाधावीत जायची आणि मग दिवसभर अंगात त्राण नसायचं. नानाखेड्याच्या एका शाळेत मी गणित शिकवते. फळ्यावरचा भागाकार अर्धा टाकून पळायची वेळ वारंवार यायला लागली, तेव्हा नोकरी सोडावीच लागणार असं मी धरून चालले. सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. उज्जैनमध्ये पोह्यांवर शेव नको म्हणणारा माणूस आजारीच समजतात, आणि लगेच इलाज सुचवतात. इसबगोल झालं, बेलाचा मुरंबा झाला, कुणाच्या तरी मामेभावाला लागू पडलेलं कडू चूर्णही झालं.

सगळ्यांत पक्का इलाज माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा. बँकेतून निवृत्त झालेले, आणि सासूबाई गेल्यापासून स्वयंपाकघरातलं एकच काम त्यांनी हौसेने स्वतःकडे घेतलेलं. मी शाळेतून आले, की जिरं आणि भरपूर हिंग घातलेलं ताक तयार. हिंगावर त्यांची भारी श्रद्धा. बिनहिंगाचं वरण पानात आलं तर वाटी सरळ बाजूला सरकवत.

"पिऊन टाक बेटा, एकदम आराम लागेल," असं म्हणून ग्लास रिकामा होईपर्यंत समोर उभे राहत.

शेवटी फ्रीगंजमधल्या एका डॉक्टर बाईंनी रक्त तपासलं, नळी घालून पोटात डोकावून पाहिलं आणि निकाल दिला. मला गहू सोसत नव्हता, आणि त्याने आतडं आतून खराब होत होतं.

"गेहूँ बिल्कुल बंद. एक कण भी नहीं," त्या म्हणाल्या.

माळव्यात राहून गहू बंद! कणकेचे, तुपात बुडवलेले बाफले गेले, पोळी गेली, शिरा गेला. ज्वारीची भाकरी थापायला मी चाळिशीत शिकले, आणि माझ्या भाकरीला गोल म्हणणं हा नवऱ्याचा चांगुलपणा होता. तरी पोट सुधारलं ते अर्धंच. फुगायचं ते फुगायचंच. मी रडकुंडीला येऊन परत डॉक्टरांकडे गेले.

"तकलीफ होती है तो आप क्या लेती हैं?" त्यांनी विचारलं.

"छाछ. हिंग डालके. ससुरजी बनाते हैं."

त्या हसल्याच. बाजारात डबीत मिळतो तो हिंग सहसा निव्वळ नसतो, त्यात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे कुंपणच शेत खात होतं, आणि तेही रोज, जिऱ्यासकट.

मीही पोट धरून हसले, पण बाहेर येईपर्यंतच. आता बाबांना सांगणार कोण? नवऱ्याने फोनवरच हात वर केले. "तूच सांग, मेरे बस का नहीं."

माधव नगरला घरी पोचले तर टेबलावर ग्लास तयार, आणि शेजारी बाबा. एक दिवस प्यायल्याने काय होतंय, असं मनात आलं. पण ग्लास उचलवेना. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी ग्लास उचलला, मोरीत ओतला आणि विसळून पालथा ठेवला.

"मीच तुला पाजत होतो रोज," एवढंच म्हणाले, आणि अंगणात जाऊन बसले. मला फार वाईट वाटलं. पोटाने इतकी वर्षं छळलं, पण असं कधी वाटलं नव्हतं.

रात्री मी दोन भांडी चढवली. एकात माझं साधं वरण, दुसऱ्यात त्यांच्यासाठी हिंगाची फोडणी देणार होते. डबी शोधायला लागले तर ती जागेवर नव्हती.

"एकच भांडं कर," मागून बाबा म्हणाले. "चमचे इकडचे तिकडे होतात. चूक नको व्हायला."

पानावर बसल्यावर त्यांनी वरणाचा पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"एकदम बेचव आहे," ते म्हणाले. मी वाटी उचलायला हात पुढे केला, तर त्यांनीच ती माझ्यासमोर धरली. "वाढ बेटा, अजून थोडं."