चर्चमधला केर

"आठ नमुन्यांतला सहावाच एवढा जास्त कसा?" मी विचारलं.

"चर्च कंटॅमिनेटेड आहे म्हणून," कन्सल्टंट म्हणाला. आल्झो, म्हणजे झालं, विषय संपला.

मी जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या एका लॅबमध्ये किरणोत्सार मोजतो. अणुभट्टी फुटल्यावर रिकाम्या केलेल्या एका गावात जुनं लाकडी ऑर्थोडॉक्स चर्च अजून उभं आहे. जुने गावकरी वर्षातून एक दिवस परवानगी काढून तिथे प्रार्थनेला जातात. छपराच्या दुरुस्तीला इथल्या एका संस्थेने मदत केली, म्हणून मोजणी आमच्याकडे आली. चर्च उघडं ठेवायचं की कायमचं सील करायचं, ते आमच्या रिपोर्टवर ठरणार होतं.

नमुना म्हणजे धूळ. यंत्रात ठेवली की तिच्यात सीझियम किती ते कळतं. सीझियम म्हणजे स्फोटातून उडून मातीत बसलेलं किरणोत्सारी द्रव्य. सात नमुने मर्यादेच्या आत होते. पण फॉर्म्युलारमध्ये, म्हणजे छापील फॉर्ममध्ये, अख्ख्या इमारतीला रकाना एकच, सगळ्यात मोठ्या आकड्याचा.

"रकाना आहे ना? मग भर," आमचा बॉस उवे म्हणाला.

नमुने घ्यायचं काम कन्सल्टंटचं, पण महाशय चर्चच्या आत गेलेच नव्हते. हाताखालच्या माणसाला पाठवून स्वतः गाडीत बसले होते. मी फाइलमधून सहाव्या नमुन्याच्या जागेचा फोटो काढून गालिनाबाईंना दाखवला. त्या त्याच गावच्या, आता कार्ल्सरूहेत राहतात. ऐंशीच्या घरातल्या बाई, पण दर आठवड्याला लॅबला फोन करून "झालं का?" विचारायच्या.

"दारामागचा कोपरा ना? तिथे आमचा केर असतो."

"केर?"

"हो. गेलो की आम्ही बायका आधी चर्च झाडतो. देवाघरचा केर पायदळी टाकत नाहीत. कोपऱ्यात ठेवतो."

मला लगेच कळलं. माझी आई निर्माल्य असंच बाजूला ठेवायची. बुटांबरोबर आत आलेली गावभरची माती या बायकांनी वर्षानुवर्षं एका कोपऱ्यात गोळा केली होती. आमच्या विद्वानांनी नेमकी तीच उचलली आणि तिला चर्च म्हणून मोकळे झाले. डिग्र्या ढीगभर, पण एका म्हातारीला विचारायची अक्कल नाही.

"केरासाठी रकाना नाही," उवे म्हणाला.

"मग माझी सहीही नाही."

तो आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. शेवटी केर पिंपात भरून हलवला, नमुने नव्याने घेतले. सगळे मर्यादेत आले. मी सही केली आणि गालिनाबाईंना फोन लावला.

"म्हणजे यंदा जायचं?"

"जायचं."

बाई रडल्या. मग मी विचारलं, "झाडताना तोंडाला मास्क, हातमोजे वगैरे?"

"कसले? डोक्याला रुमाल असायचा."

मी जुनी फाइल काढली. भिंती मोजल्या होत्या, छप्पर मोजलं होतं, घंटासुद्धा मोजली होती. झाडणाऱ्या बायकांना कुणीच मोजलं नव्हतं. सीझियम शरीरातून काही महिन्यांत बरंचसं निघून जातं. तेव्हा त्यांच्या अंगात किती गेलं होतं, ते आता कुठल्याच यंत्राला सांगता येणार नाही.

कन्सल्टंटला मी खुशाल नावं ठेवली. पण हा प्रश्न मलाही सुचला तो सही झाल्यावर. आमच्या धंद्यात भिंती आधी मोजतात. माणसं नंतर, राहिली तर.