चेकरबाईंचं न सांगितलेलं पाप

माझ्या सासूबाई शर्टाच्या कारखान्यात चेकर होत्या. शिवून आलेला शर्ट टेबलावर पसरायचा, कॉलरची टोकं जुळवून बघायची, काजं ओढून बघायची, बाही उलटी करून शिवण तपासायची आणि टाका सुटलेला दिसला की तिथं खडूनं फुली मारून शर्ट शिवणाऱ्या बाईकडे परत धाडायचा. निवृत्त होईपर्यंत त्यांनी हेच केलं. कारखान्यात सगळे त्यांना चेकरबाई म्हणत. लग्नाचं बोलायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा मी बोलत होतो आणि त्या माझ्या खांद्याची शिवण बघत होत्या. मी गेल्यावर मुलीला म्हणाल्या, "मुलगा चांगला आहे. शिंपी बदलायला सांग."

नुसत्या दुसऱ्याच्याच चुका काढत बसल्या असत्या तर मी लांबूनच हात जोडले असते. मी काही फार सोशिक माणूस नाही. पण त्यांची खरी करडी नजर स्वतःवर होती. शेजारणीनं लावलेला पडदा वाकडा असूनही छान दिसतो म्हटलं, हे खोटं बोलणं. प्रवचनात जांभई आली, हा देवाचा अपमान. गाण्यात एका बाईंचा आवाज फाटला आणि यांना मनातल्या मनात हसू आलं, हा दुष्टपणा. राईचा पर्वत करायला इतरांना निदान राई तरी लागते, सासूबाईंचं तिच्यावाचूनही भागायचं.

आमच्या चर्चच्या मंडळीत पाळकाला, म्हणजे पाद्रीसाहेबांना, जाऊन पापं सांगायची पद्धत नाही. सासूबाईंनी ती आपल्यापुरती सुरू केली. दर शनिवारी संध्याकाळी त्या चर्चच्या मागच्या खोलीत जाऊन बसत. पाळक वयानं त्यांच्या मुलासारखे, बिचारे निमूटपणे ऐकून घेत. एकदा मी सासूबाईंना न्यायला गेलो आणि दारातच थांबलो, तेव्हा पाळक विचारत होते, "मावशी, तुम्ही फुली मारली की शर्ट नीट होतो का?"

"फुलीनं कसा होईल? कुठं बिघडलंय ते कळतं, एवढंच."

"बायबलातल्या नियमशास्त्राचंही तसंच आहे. ते चूक दाखवतं. नीट करणारा दुसरा आहे, आणि त्यानं ते केलंय. आपण त्याच्यावर विश्वास ठेवायचा."

सासूबाईंनी जरा विचार केला. "म्हणजे मी काहीच करायचं नाही?"

"तारणासाठी, पापातून सुटण्यासाठी, काहीच नाही. देव बाप आहे, मावशी. त्याच्याकडे नुसतं यायचं."

"बिघडलेला माल तसाच पास करायचा?"

पाळकांनी हात टेकले. घरी येताना सासूबाई मला म्हणाल्या की मुलगा मनाचा चांगला आहे पण फार ढिला आहे, माझ्या खात्यात आठवडाभरही टिकला नसता.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण एक गोष्ट आम्हाला खुपत होती. प्रभुभोजनाच्या रविवारी प्रभूच्या मरणाची आठवण म्हणून, आपलं मन तपासून, प्रत्येकानं भाकरीचा एक घास घ्यायचा असतो; तुकड्यांची ताटली बाकावरून हातोहात पुढं सरकते. सासूबाई ती एका हातानं घेत, दुसऱ्या हातानं पुढं देत आणि मान खाली घालून बसत. सासरे आमच्या लग्नाआधीच वारले, तेव्हापासून त्यांनी तो घास घेतला नव्हता. विचारलं की एकच उत्तर, "अजून तयारी नाही." आम्हाला वाटायचं, पडदे आणि जांभया अजून संपल्या नसतील.

मग त्यांच्या हृदयाची एक झडप बिघडली. शस्त्रक्रिया केली नाही तर फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी आम्हाला सरळ सांगितलं. बायकोनं त्यांना दवाखान्यात नेऊन दाखल केलं खरं, पण शस्त्रक्रियेला त्या तयार होईनात. दुखण्याची भीती त्यांना कधीच नव्हती. भूल उतरलीच नाही तर अशीच्या अशी देवासमोर उभी राहणार, ही भीती होती. "तयारी होऊ दे, मग करा," म्हणायच्या. आणि तयारी तर इतक्या वर्षांत झाली नव्हती.

त्या दुपारी पाळक प्रभुभोजनाची छोटी पेटी घेऊन आले. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पाळकांनी आग्रह केला नाही. खाली बाकावर थोडा वेळ बसतो, एवढं मला सांगून ते गेले. माझी बायको शांत स्वभावाची, मला रागवायचं असलं तरी आधी पाणी पिते. त्या दिवशी मात्र तिचा तोल गेला.

"आई, जांभयांपायी मरणार आहेस का तू?"

सासूबाईंनी पांघरुणाची शिवण बोटानं चाचपली. मग भिंतीकडेच बघत त्यांनी सांगितलं. सासरे दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. एका सकाळी त्यांच्या चादरी उकळत ठेवून सासूबाई चुलीपाशी उभ्या होत्या आणि त्यांनी प्रार्थना केली, आता यांना ने. दुपारी सासरे गेले.

"त्यांची सुटका व्हावी म्हणून नाही मागितलं," त्या म्हणाल्या. "मला झोप हवी होती. माझ्या झोपेसाठी मी त्यांचं मरण मागितलं."

शनिवारच्या त्या पडद्यांच्या आणि जांभयांच्या आड त्या काय दडवत होत्या, ते मला तेव्हा कळलं. माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं मी त्यांची थट्टा केली, याची लाजही वाटली.

माझी बायको खाटेच्या कडेला बसली. "मीही मागितलं होतं," ती म्हणाली. "न्हाणीत, नळ सोडून. बाबांना ने म्हणून. एकदा नाही, कितीतरी वेळा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे तिनं मलाही कधी सांगितलं नव्हतं. सासूबाई झटकन वळल्या. हाताला सलाईनची सुई लावलेली होती याचंही त्यांना भान राहिलं नाही. त्यांनी मुलीचं तोंड दोन्ही हातांत घेतलं.

"अगं, वेडी की काय तू? एवढीशी पोर, रात्ररात्र जागत होतीस. थकून बोललीस. त्याला कळत नाही होय? बाप आहे तो. तो काय तुझ्यावर डूख धरून बसणार आहे?"

"काही भरपाई करावी लागेल का मला?"

"कसली भरपाई? काही नको. एक अक्षर बोलू नकोस पुन्हा त्याबद्दल."

बायकोनं आईचे हात तसेच धरून ठेवले. "मग आई, तू बोललीस तेव्हा तो कोण होता?"

पाळकांनी इतकं सांगूनही जे सासूबाईंनी स्वतःसाठी कधी मान्य केलं नाही, ते त्यांनी आत्ताच मुलीला एका दमात देऊन टाकलं होतं, एक प्रश्नही न विचारता. माणसाचा चेहरा असा हळूहळू सैल होताना मी त्याआधी पाहिला नव्हता. त्या रडल्या नाहीत. पांघरूण गुडघ्यांवर सारखं केलं, पदर नीट घेतला आणि मला विचारलं, "जावईबापू, पाळक गेले का हो?"

मी जिन्यानं खाली पळालो. पाळक बाकावर बसल्या बसल्या पेंगत होते, त्यांना जवळजवळ ओढतच वर आणलं. त्यांनी खाटेशेजारच्या टेबलावर रुमाल पसरला, पेटी उघडली, भाकरीचा तुकडा काढला आणि पुढं केला. तरी त्यांना खात्री वाटेना. हात तसाच ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "मावशी, तयारी झाली?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या आणि हात पुढं केला. "तशीच घेते."